शिडी कोण धरणार

आईला खुर्चीसकट खाली कारखान्यात आणायचं ठरलं, तेव्हाच ताईनं ओळखलं की आज आपल्याला कोंडीत पकडणार आहेत.

एरवी आई वरच्या खोलीतून हलत नसे. डॉक्टरांनी जिना बंद केल्यापासून पलंग, खिडकी आणि औषधांचा डबा एवढ्यावरच तिचं जग येऊन ठेपलं होतं. पण आज एका बाजूनं थोरला आणि दुसऱ्या बाजूनं वहिनी, असे दोघं तिला जिन्यावरून उतरवत होते. "कोपरा लागेल, सांभाळा," वहिनी म्हणत होती. "तू तुझ्या बाजूचं बघ," थोरला म्हणत होता. मधल्यामधे आई डोळे मिटून, मुकाट्यानं, जुनं कपाट हलवावं तशी खाली येत होती. या नवरा-बायकोचं एरवी आज वार कोणता यावरसुद्धा एकमत होत नसे. ते दोघं मिळून काही उचलायला लागले की ते आपल्याच डोक्यावर ठेवलं जाणार, हे ताईला अनुभवानं ठाऊक होतं.

खुर्ची सरसाच्या शेगडीजवळ ठेवली. वहिनीनं आईच्या गुडघ्यांवर शाल टाकली. भिंतींना शिड्या टेकून उभ्या होत्या, काही पुऱ्या झालेल्या, काही नुसतेच उभे दांडे, पायऱ्यांची वाट बघणारे. सुट्टीचा दिवस असल्यानं यंत्र बंद होतं आणि खिडकीच्या धुरकट काचेतून उजेडही कसाबसाच येत होता.

"तो आला का?" आईनं डोळे न उघडता विचारलं.

"येतोय. चालत येतो तो," थोरला म्हणाला.

'तो' म्हटलं की या घरात पुढचं विचारावं लागत नसे. तो म्हणजे धाकटा भाऊ. एक तप उलटून गेलं, त्याला या घरात दुसरं नाव उरलं नव्हतं. गंमत अशी की ताईला 'ताई' हे नाव त्याचंच. तो बोलायला शिकला तेव्हा तिला ताई म्हणायला लागला, मग आईवडील म्हणायला लागले, आणि तिच्याहून मोठा असलेला थोरलासुद्धा तिला ताईच म्हणू लागला. त्यानं दिलेलं नाव घरभर चालत होतं आणि त्याचं मात्र कुणी घेत नव्हतं.

"ताई, चहा टाकू?" वहिनीनं विचारलं.

"आधी काय ते बोला. चहा कशावर घ्यायचा ते तरी कळू दे."

थोरल्यानं घसा साफ केला. "हे बघ, मी आडपडदा ठेवत नाही."

"पंधरवडाभर ठेवलासच की, दादा. मी वर आईजवळ बसले की खाली रंधा चालतो. तुझा रंधा आता तसा चालत नाही. आणि शेवटाला हात जरा उचलायची सवय कुणाची, ते मला वरच्या मजल्यावरूनही कळतं."

थोरला वहिनीकडे बघायला लागला. वहिनी शेगडीकडे बघायला लागली. दाराजवळच्या भिंतीला एक नवीकोरी शिडी उभी होती, तिच्याकडे मात्र कुणी बघत नव्हतं.

"कळलं होतं तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलताय का, ते बघत होते."

थोरल्यानं उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती. त्यानं हात लगेच मागे घेतला, पण दाखवायचं ते दाखवून झालं होतं. "याच्यानं आता पटाशी धरवत नाही. खाच सरळ येत नाही. खाच सैल, की पायरी सैल. पोरं दोन्ही कचेरीत चिकटली, त्यांना लाकडाची धूळ नको. मग आता काय, कुलूप लावू? आजोबांपासून चाललेलं?"

"लाव."

"असं एका शब्दात?"

"मग किती शब्दांत सांगू?"

वहिनी मधे पडली. धाकटा पूर्वी एकदा उंबऱ्याशी आला होता तेव्हा दारात आडवी उभी राहिली होती ती हीच वहिनी. पण नवऱ्याच्या हाताला कंप सुटला आणि तिचं मन पाघळलं. "ताई, तो भरपाई करायला तयार आहे गं. इथं राबेल, मरेपर्यंत. शब्द दिलाय त्यानं. तुझ्या लेकीलाही हा मामा हवाच की अडीअडचणीला."

ताईनं लेकीला आदल्या दिवशीच फोन केला होता. "तुला काय करायचं ते कर आई," लेक म्हणाली होती, "पण मला फोन करून सांगू नकोस." हे काही ताईनं इथं सांगितलं नाही. "माझी लेक तिचं ती बघते," एवढंच म्हणाली.

मग आईनं डोळे उघडले. तेवढ्यासाठीच तिला खाली आणलं होतं.

"माझे किती दिवस राहिलेत? माझ्या डोळ्यांदेखत त्या पोराचा उद्धार होऊ दे. तुझ्या हातात आहे ते. बाकी काही मागत नाही मी तुझ्याकडे."

उद्धार. ताईला वाटलं, हा शब्द या घराला तसा नवा नाही. वडिलांच्या तोंडी तो रोज असायचा, पण लाकूड ओलं निघालं की वखारवाल्याच्या सात पिढ्यांचा, एवढ्यापुरताच. आता आईनं तो पोथीतला अर्थ झटकून बाहेर काढला होता. वहिनीला भरपाई हवी होती, थोरल्याला प्रकरण मिटवायचं होतं, आईला उद्धार हवा होता. तिघांचे शब्द तीन, पण ते तिघांना मिळायचे कुठून, तर एकट्या ताईकडून.

कारण या घराचा रिवाजच तसा होता. शिडी तयार झाली की करणाऱ्यानं ती भिंतीला लावायची आणि शेवटच्या पायरीवर जाऊन उभं राहायचं. घरातल्याच कुणीतरी खालून बूड धरायचं. खालचा माणूस 'उतर' म्हणेपर्यंत वरच्यानं उतरायचं नाही. मगच ती शिडी दाराबाहेर जायची. "पडायचंच असेल तर गिऱ्हाइकाच्या आधी आपण पडावं," असं आजोबा म्हणत. धाकट्यानं एकदा हे केलं नाही. 'चढलो' म्हणून सांगितलं आणि शिडी बाहेर गेली. ती न्यायला ताईचा नवराच आला होता. तो रंगारी होता, अख्ख्या घराचा लाडका. घरची शिडी म्हणून खांद्यावर टाकून शीळ घालत गेला, आणि दुसऱ्या दिवशी एका गोदामाच्या उंच भिंतीवरून खाली आला. उभा दांडा गाठीपाशी चिरफाळला होता.

तेव्हापासून धाकट्याच्या शिडीचं बूड धरायला घरात कुणी उरलं नाही. थोरला धरू शकला असता. पण त्याच्या धरण्याला अर्थ नव्हता, आणि हे सगळ्यांना माहीत होतं.

दार वाजलं नाही, नुसतं उघडलं. धाकटा आत आला आणि दाराशीच थांबला. ताईनं त्याला इतक्या जवळून फार दिवसांत पाहिलं नव्हतं. तो पोक काढून उभा होता. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. बोटांवर खिळ्यांचे बारीक बारीक ओरखडे होते. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका कारखान्यात तो माल भरायची खोकी ठोकत असे.

"ये की आत. परका आहेस का?" वहिनी म्हणाली. हे वाक्य तिनं इतक्या सहज टाकलं की ताईला हसू यायचं बाकी राहिलं.

"बरा आहेस का रे?" आईनं विचारलं.

"आहे."

"अजून खोकीच करतोस?"

"खोक्यावर कुणी चढत नाही, आई."

थोरल्यानं टाळी वाजवल्यासारखा हात टेबलावर मारला. त्याला हे लवकर उरकायचं होतं. "बरं. तू केलेली शिडी उभी आहे. लाकूड मी स्वतः निवडलंय, गाठ शोधून सापडायची नाही. तू चढ, ताई धरेल, विषय संपला."

"मी धरीन असं कुणी सांगितलं?"

"मी दादाला म्हटलं होतं," धाकटा म्हणाला, "आधी तिला विचार."

"मग आत्ता काय करतोय मी? विचारतोच आहे ना?"

"हे विचारणं झालं?" ताई म्हणाली. ती उठली आणि धाकट्यासमोर जाऊन उभी राहिली. "मला एकच ऐकायचंय. त्या दिवशी काय झालं, ते सांग."

"तुला माहीत आहे, ताई."

"दादानं सांगितलेलं माहीत आहे. तो म्हणतो, घाईत राहून गेलं. वहिनी म्हणते, नशीब. आई म्हणते, वेळ वाईट होती. सगळ्यांनी मिळून कापसात गुंडाळून माझ्या हातात दिलंय ते. तू मात्र कधी बोलला नाहीस."

"कशाला आता खपल्या काढायच्या?" वहिनी म्हणाली.

"माझ्या आहेत. मी काढीन."

धाकट्यानं खाली बघितलं. मग वर बघितलं. ताईला वाटलं, आता रडेल आणि सुटेल. पण तो रडला नाही.

"दांड्यात आतल्या अंगाला गाठ होती," तो म्हणाला. "रंधा मारतानाच दिसली. दांडा बदलायला हवा होता. मी गाठीत सरस आणि भुसा भरला, घासून काढलं, वरून रंगाचा हात दिला. बाहेरून कळत नव्हतं."

"मग?"

"मग भिंतीला लावली. दादा बाहेर गेला होता, पण तू आईकडे आली होतीस, वर होतीस. तुला हाक मारता आली असती. घाई नव्हती, ताई. घाई अजिबात नव्हती." त्यानं दाराजवळच्या शिडीकडे बघितलं. "पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मला भीती वाटली. गाठ कुठं आहे ते मला माहीत होतं. मी पाय काढून घेतला. दादानं सकाळी विचारलं, चढलास का, तर मी हो म्हटलं."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. धाकट्यानं एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण तो थांबला नाही.

"मला वाटलं, कुणीतरी गिऱ्हाईक नेईल. भाऊजी नेतील असं वाटलं नव्हतं."

थोरल्याचा चेहरा काळवंडला. बारा वर्षं तो गल्लीत, वखारीत, गिऱ्हाइकांसमोर 'पोरगं घाईत होतं हो' म्हणून या भावाची बाजू सावरत आला होता. वरून शिव्या देत असला तरी आतून हेच एक वाक्य धरून होता. तेच आता निसटलं.

"म्हणजे तुला माहीत होतं," तो म्हणाला. "स्वतः चढायला भ्यालास, आणि दुसऱ्याला दिलीस."

"हो."

"मी तोंडावर विचारलं होतं तुला."

"हो."

"चालता हो. कुलूप लागलं तरी चालेल, पण तुझ्या हातची शिडी या दारातून जाणार नाही. निघ."

"अहो, पण..." वहिनी म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "आमची पोरं खेळायची त्या शिड्यांवर. कळतंय का तुला? आमची पोरं."

आई खुर्चीत रडत होती, पण तिचं रडणं वेगळ्याच गोष्टीचं होतं. "बोलायची काय गरज होती रे? चार मिनिटं गप्प बसला असतास तर सुटला असतास."

"नसतो सुटलो, आई," धाकटा म्हणाला आणि दाराकडे वळला.

ताईला त्याचा गळा धरावासा वाटत होता. हे ती नंतरही कधी नाकारणार नव्हती. इतकी वर्षं ती एका निष्काळजी भावाचा राग करत आली होती, आणि आज कळलं की तो निष्काळजी नव्हता. त्यानं नीट काळजी घेतली होती, फक्त स्वतःची. राग डोक्यात भणाणत होता. पण पायांखाली काहीतरी टणक लागलं होतं, तेही खरं. नवरा गेल्यापासून या घरात तिला सगळ्यांनी धीर दिला, आधार दिला, खरं मात्र एकानंही दिलं नव्हतं. ते आज ज्यानं दिलं, तो दाराबाहेर पडायला निघाला होता.

"थांब," ती म्हणाली. "चढ. मी धरते."

"डोकं फिरलंय का तुझं?" थोरला ओरडला. "आत्ता ऐकलंस ना?"

"ऐकलं म्हणूनच. मघाशी न ऐकता धरायला सांगत होतास, तेव्हा चाललं असतं तुला."

धाकटा शिडीपाशी आला. ताईनं तळाशी पाय टेकवला, दोन्ही दांडे धरले. तो चढायला लागला तसं त्याचं ओझं लाकडातून उतरत तिच्या तळव्यांत यायला लागलं. प्रत्येक पायरीला ते जाणवत होतं. तिच्या मनात आलं, नुसता एक हिसका. कुणी म्हणणारही नाही काही. म्हणतील, बाईमाणूस, हात घसरला. तिनं बोटं इतकी आवळली की नखं पांढरी पडली.

धाकटा शेवटच्या पायरीवर पोहोचला. वर धरायला काही नव्हतं. तो छताच्या वाशाला तळहात टेकून उभा राहिला.

ताईनं 'उतर' म्हटलं नाही.

एवढा वेळ कुणी कुणाला उभं ठेवत नसे. दोन श्वास, आणि 'उतर', असंच चालायचं. त्याच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या आणि ती थरथर दांड्यांतून खाली आली. वरून भुसा गळून तिच्या केसांवर पडला. तो खाली बघत नव्हता, काही मागत नव्हता.

"अगं, म्हण की आता," आई म्हणाली.

"ताई, पुरे," थोरला म्हणाला. मघाशी हाकलणारा हाच.

ती तशीच उभी होती. 'ह्यांना' खाली यायला किती वेळ लागला असेल, याचा विचार ती करत होती. हा विचार तिनं आजवर रोज केला होता आणि रोज एकटीनंच केला होता. आज दुसरा कुणीतरी वर उभा राहून तिच्याबरोबर तोच विचार करत होता, असं तिला वाटलं.

"उतर," शेवटी ती म्हणाली.

तो उतरला. जमिनीवर पाय लागताच त्यानं भिंतीचा आधार घेतला. आणि मग ताईच्या डोळ्यांदेखत सगळं घर सैल झालं. आईनं हात जोडले आणि म्हणाली, "सुटला गं माझा लेक." वहिनीनं डोळे पुसले आणि चहाचं आधण ठेवायला वळली. थोरला, ज्याच्या दारातून ती शिडी जाणार नव्हती, तो वाकून एकेका पायरीच्या पाचरीवर अंगठा फिरवत होता. "बसल्यात बरं का घट्ट," तो स्वतःशीच म्हणाला.

सगळे सुटले. ताईच्या हातांना दांड्यांचे लाल वळ पडले होते, ते तेवढे तिच्यापाशी राहिले.

"आता तू धर," ती धाकट्याला म्हणाली.

"काय?"

"शिडी. तू धर. मी चढते."

वहिनी आधण तसंच सोडून आली. नवरा पडला त्या दिवसापासून ताई साध्या स्टुलावरही चढत नव्हती. तिच्या खोलीतला दिवा गेला तर दुसरं कुणीतरी येईपर्यंत ती अंधारात बसे. "अगं, पडशील," वहिनी म्हणाली. "तुला कुणी सांगितलंय चढायला?"

ताईनं साडीचा काठ कमरेत खोचला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. धाकट्यानं दोन्ही दांडे धरले. त्याचं डोकं तिच्या टाचांपाशी होतं. ती एकेक पायरी चढत गेली, लाकडाला गाल घासेल इतकी चिकटून. वरून कारखाना वेगळाच दिसत होता. कपाटांच्या माथ्यावर धुळीचा थर होता. थोरल्याला मागे टक्कल पडत चाललं होतं. आई खुर्चीत एवढीशी झाली होती, कुणी लहान मूल आणून बसवावं तशी.

अर्ध्यावर तिचे पाय थांबले. तिनं जोर लावून बघितला. पाय ऐकेनात.

"ताई?" खालून धाकटा.

"ऐक," ती म्हणाली. तोंड भिंतीकडेच होतं. "उद्यापासून ये इथं. तुझी प्रत्येक शिडी मी धरीन, दुसऱ्या कुणी धरायची नाही. उतर कधी म्हणायचं तेही मी ठरवीन."

"बरं."

"आणि मी एवढीच वर येते रे. इथवर. याच्यावर नाही येत. उद्याही येणार नाही. आई म्हणाली म्हणून येणार नाही आणि दादाला हवं म्हणूनही नाही."

"बरं, ताई."

ताईनं डोळे मिटले.

"ह्यांच्या खाली कुणी नव्हतं," ती म्हणाली.

धाकट्याच्या हातांतली शिडी तसूभर हलली नाही.

"उतर म्हण आता," ती म्हणाली. "रिवाज आहे."

तो प्रयत्न करत होता, ते तिला ऐकू येत होतं. घशातून नुसती हवा येत होती. थोरला पुढं झाला, त्याच्याऐवजी म्हणायला, तसं ताईनं वरूनच मान हलवून त्याला थांबवलं. धाकट्याला आवाज फुटेपर्यंत ती तिथंच, अर्ध्या शिडीवर, दोन्ही हातांनी लाकूड धरून उभी राहिली.